सतरा नंबरची एकाग्रता

नववी ब ला 'माध्यमभान' हा नवा विषय शिकवण्यासाठी पद्मजा मगदूम यांची निवड झाली, ती त्यांचा माध्यमांचा अभ्यास दांडगा होता म्हणून नव्हे. त्या चित्रकलेच्या शिक्षिका. चित्रकलेचे तास कमी झाले होते, बाई रिकाम्या दिसत होत्या, आणि रिकामं दिसणाऱ्याला रिकामं राहू द्यायचं नाही हा शाळा चालवण्याचा पहिला नियम आहे.

मुख्याध्यापक उपाध्ये सरांनी वरून आलेलं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. विद्यार्थ्यांनी आपण दिवसभरात काय पाहतो, काय ऐकतो, काय वाचतो आणि का, याचा आपला आपण विचार करावा, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हणजे मी नेमकं काय करायचं, सर?"

"विचार करवून घ्यायचा," सर म्हणाले. "आठवड्याला दोन तास."

पुस्तकाबरोबर एक खोकंही आलं होतं. त्यात अडतीस काळी कडी होती. रबराची, आतल्या बाजूला चवलीएवढी धातूची टिकली असलेली.

कड्यामागचं विज्ञान तसं सोपं होतं. एखादी गोष्ट मनाची पकड घेते तेव्हा आपला श्वास अडकतो, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी हृदयही किंचित संथ होतं, दोन ठोक्यांमधलं अंतर जरासं वाढतं, हे फार जणांना माहीत नसतं. बिळापुढे दबा धरून बसलेल्या मांजराचंही असंच होतं. कडं हे अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं. कातडीवरचा ओलावा बघायचं. आसपासचा आवाज ऐकून कुठली मालिका लागली आहे ते ओळखायचं आणि मनगटाच्या हालचालीवरून बोट पडद्यावर सरकतंय की हात कागदाचं पान उलटतोय, तेही. आठवड्याच्या शेवटी प्रत्येक कड्याचा एक कागद निघे. त्यात दोन रकाने असत: 'समोर काय होतं' आणि 'मनात काय शिरलं'. दोन्हींत किती अंतर आहे ते बघून मुलांनी चार ओळी लिहायच्या, एवढाच अभ्यास.

गुप्तता पाळण्यासाठी मुलांनी पेढ्यांच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठी काढून आपापला नंबर घेतला. कोणाचा कुठला, ते बाईंनाही माहीत नव्हतं. शाळेच्या वेळात मात्र कडं घालायचं नाही, असा ठराव शिक्षकांनी एकमताने करून घेतला. आपल्या तासाला कोणाच्या मनात काय शिरतं हे आकड्यांत कळावं, अशी एकाचीही इच्छा नव्हती.

पहिल्या आठवड्याचे कागद भयंकर होते. दिवसाला सरासरी पावणेसहा तास छोटे व्हिडिओ. मनात शिरलं: जवळजवळ काही नाही. पण मुलांनी मोकळेपणी लिहिलं, वर्गात हसत हसत वाचून दाखवलं, आणि मगदूम बाईंना वाटलं की चित्रकला गेली ती काही अगदी वाया गेली नाही.

तेवढ्यात उपाध्ये सरांनी विचारलं, "यावर पालकाची सही कुठाय?"

"सर, हे मुलांनी स्वतःसाठी लिहायचंय. गुप्त आहे."

"गुप्तता पाळा की. सही पण घ्या. बत्तीस वर्षांत पालकाच्या सहीशिवाय कागद मी दाखल करून घेतलेला नाही."

कागद घरी गेले, आणि गुप्ततेसाठी सह्या बिननंबरी चिठ्ठ्यांवर आल्या. त्या आठवड्यात नववी ब मधल्या चौदा जणांनी मार खाल्ला आणि नऊ जणांचे मोबाइल कपाटात गेले.

तिसऱ्या आठवड्यात वर्ग संत झाला. मुलं सकाळी उठून अभंग ऐकू लागली. हरभऱ्याचे बाजारभाव, कुस्तीची समालोचनं, गुडघेदुखीवरची व्याख्यानं आणि पेपरातल्या निधनवार्ता त्यांच्या मनात खोलवर शिरू लागल्या. बाईंनी संशय घेतला नाही. विद्यार्थी सुधारला तर काय करायचं, याचा शिक्षकाला फारसा अनुभव नसतो.

त्यातही चार, सतरा, तेवीस आणि एकतीस हे नंबर म्हणजे रत्नं. पेपर वाचताना या चौघांचं हृदय इतकं संथ होई, की कागदावर सोनेरी अक्षरांत 'असामान्य एकाग्रता' असं उमटायचं. बाईंनी सतरा नंबरचा कागद वर्गात मोठ्याने वाचला. "अग्रलेख वाचताना दोन पूर्णांक नऊ सेकंद! बघा, शिका काहीतरी." वर्गातलं कोणी हसलं नाही, याचं त्यांना नंतर नवल वाटायचं होतं.

जिल्ह्याहून समिती येणार असल्याचं कळलं. शाळेला 'नमुना शाळा' म्हणून निवडायचा विचार होता.

*

समितीचा दिवस शनिवार, सकाळची शाळा. साडेसातला बाई शिक्षकांच्या खोलीत टॅबलेट उघडून बसल्या. त्या दिवसापुरती कडी बनवणाऱ्या कंपनीने त्यांना चालू नोंद बघू दिली होती, आणि आठवड्याचे विक्रमही वेळेसकट दिले होते.

सर्वात वर सतरा नंबर. शुक्रवार, दुपारी तीन वाजून बारा मिनिटं. एकाग्रता चार पूर्णांक सहा सेकंद.

बाईंना आधी आनंद झाला. मग आठवलं, की शुक्रवारी तीन ते पावणेचार नववी ब वर त्यांचाच तास असतो. अडतीसच्या अडतीस मुलं त्यांच्यासमोर बसून सुरईचं चित्र काढत होती. कोणाच्याही हातात कडं नव्हतं.

त्यांनी चार नंबर उघडला. शुक्रवार, तीन बारा. तेवीस: तीन बारा. एकतीस: तीन बारा. चारही ठिकाणी चार पूर्णांक सहा. सेकंदाचा हजारावा भागही जुळत होता.

चार हृदयं एकाच क्षणी अशी संथ होत नाहीत. म्हणजे मनगट एकाच माणसाचं, कडी चार.

मग त्यांनी आपल्याच मनगटावर बोट ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, चार, पाच. पाच ठोके पडले. चार पूर्णांक सहा म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर; तेवढ्या वेळात त्या माणसाचा एकही पडला नव्हता.

अग्रलेख कितीही चांगला असला तरी हृदय बंद पडेल इतका चांगला नसतो. हृदय थोडं संथ झालं की लक्ष लागलं, एवढंच कड्याला शिकवलेलं. बंद पडायला लागलं, तर त्याच्या हिशेबी लक्ष फारच लागलं. त्यांनी मागचे आकडे पाहिले. दोन पूर्णांक एक. दोन पूर्णांक नऊ. तीन पूर्णांक आठ. चार पूर्णांक सहा. महिनाभर कोणीतरी थोडं थोडं मरत होतं आणि त्या भर वर्गात त्याला शाबासकी देत होत्या.

त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. यंत्राचा गोड आवाज म्हणाला, "अभिनंदन! सतरा नंबरची एकाग्रता राज्यातल्या पहिल्या शंभरात आहे."

"अहो, हृदय थांबतंय त्या माणसाचं! कडं कुठे आहे तेवढं सांगा."

"वापरणाऱ्याची गुप्तता जपण्यासाठी कड्याला जागा कळत नाही. आपला अभिप्राय नोंदवला आहे."

बाई उपाध्ये सरांकडे धावल्या. सर समितीसाठी आणलेल्या शाली मोजत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शाल तशीच हातात धरून म्हणाले, "साडेआठला समिती येते. साडेदहाला जाते. मग शोधू."

"तोवर तो माणूस गेला तर?"

"माणूस कशावरून, बाई? यंत्र बिघडलं असेल."

"चारही एकाच सेकंदाला?"

सरांच्या चेहऱ्यावर भीती दिसली. पण ती नक्की कशाची, हे ठरवायला बाई थांबल्या नाहीत.

*

"मला नंबर नकोत," त्यांनी वर्गात शिरताच दार लोटून घेतलं. "कोणाचं नाव घरी जाणार नाही. एकच सांगा. तुमची कडी कोणाच्या हातात आहेत?"

शेवटच्या बाकावरचा तन्वीर उठला. हा मुलगा खोटं बोलायचा तेही कंटाळा आल्यासारखं, म्हणून बाईंना तो आवडायचा.

"बाई, माझं आजीच्या हातात हाय. लोहचुंबकाचं कडं हाय, गुडघ्याला चांगलं असतंय म्हणून सांगितलंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि बांध फुटला. माझं आजोबांना. माझं आत्याच्या सासऱ्यांना. माझं पण गुडघ्यालाच. "आता परत मागितलं तर देईनात की ओ बाई, लई आराम पडलाय म्हणत्यात!" बाई बोटांवर मोजत होत्या. एरवी त्या पोट धरून हसल्या असत्या. गावातले चौतीस म्हातारे नववीचा अभ्यास करत होते आणि चांगल्या गुणांनी पास होत होते.

चौतीस. चारजण बोलले नव्हते. चौघांची मान खाली. त्यातली अन्विता कोरे तर दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"अन्विता."

अन्विता उभी राहिली.

"तुझ्या घरी आजोबा आहेत?"

तिने मान हलवून नाही म्हटलं.

"मग कोणाच्या हातात आहे? बाळ, तो माणूस आजारी आहे. त्याला स्वतःला ठाऊक आहे की नाही, तेही मला माहीत नाही."

अन्विताने बाईंकडे पाहिलं. सगळा वर्गच बाईंकडे पाहत होता, आणि त्या नजरेत अपराध नव्हता. दुसरंच काहीतरी होतं. बाईंना ते ओळखू येईना.

तेवढ्यात दार उघडलं. "या, या, मॅडम! हाच तो वर्ग," उपाध्ये सर म्हणाले.

समिती तिघांची होती. अध्यक्षा देशमाने मॅडम पुढच्या बाकावर बसल्या. त्यांचा चेहरा कुठल्याही क्षणी कौतुक करायला तयार होता. सरांनी बाईंच्या हातातला टॅबलेट अलगद काढून पडद्याला जोडला. समोरच्या भिंतीवर नंबरांच्या ओळी हलू लागल्या. चार, सतरा, तेवीस, एकतीस: कागदवाचन चालू.

"वा!" देशमाने मॅडम म्हणाल्या. "आत्ता, या क्षणी वाचतायत मुलं?"

मुलं समोर बसली आहेत, मग वाचतंय कोण, असा प्रश्न समितीतल्या कोणालाच पडला नाही. बाईंनी तोंड उघडलं. सर त्यांच्या कानाशी येऊन पुटपुटले, "दोन तास, बाई. फक्त दोन तास."

बाईंची नजर भिंतीवर होती. चारही ओळींवर ठोक्यांचे हिरवे ठिपके एका तालात पडत होते. टप, टप, टप. आणि मग पडायचे थांबले.

एक सेकंद. दोन. वर्गात पंख्याचा आवाज मोठा झाला. तीन. कोणीतरी पेन्सिल पाडली. चार. पाच. अन्विताने दोन्ही हात तोंडावर धरले. सहा. सहा पूर्णांक तीन.

टप.

भिंतीवर सोनेरी चांदण्या उधळल्या. 'असामान्य एकाग्रता! नवा विक्रम!' आणि समितीने टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या बंद करा!" बाई ओरडल्या. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या नव्हत्या. "यातलं काही खरं नाही. ही कडी मुलांच्या हातात नाहीतच. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या हातात आहेत. सह्या मागितल्या, मार बसला, म्हणून मुलांनी खोटं केलं आणि आम्ही ते खरं मानलं, कारण आम्हाला तसंच हवं होतं. हा विक्रम नाही. कोणाचं तरी हृदय बंद पडतंय." त्या अन्वितासमोर गुडघ्यांवर बसल्या. "कोण आहे, बाळ?"

"शपथ घातलीय, बाई."

"कोणी?"

"तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणालेत." ती आता रडत होती. "आमच्या चौघांच्या घरी पेपर वाचणारं कोण नाही. म्हणून आम्ही वाचनालयात गेलो. रोज सकाळी कडी देतो, संध्याकाळी परत घेतो. पद्माचा विषय आहे, तिचं नाव झालं पाहिजे म्हणाले. काका. मगदूम काका."

"कोण मगदूम काका?" बाईंनी विचारलं. खरंच विचारलं.

वर्गाच्या नजरेत काय होतं, ते मग त्यांना कळलं.

मागे देशमाने मॅडम शेजारच्या सदस्याला म्हणत होत्या, "किती जिवंत नाट्यीकरण बसवलंय!"

*

बाईंचे यजमान सुकुमार मगदूम सूतगिरणीतून पाळीप्रमुख म्हणून निवृत्त झाले होते आणि गावातलं सार्वजनिक वाचनालय बिनपगारी सांभाळत होते. मोबाइल घरी ठेवून जाण्याचा त्यांचा नेम होता. बाईंनी तरी फोन लावला. तो घरी स्वयंपाकघरात वाजला असणार.

"बसा मागे," उपाध्ये सर म्हणाले. सरांनी स्कूटर काढली होती. खांद्यावर समितीची शाल तशीच होती. समितीला शिपायाच्या आणि चहाच्या हवाली करून ते आले होते. रस्त्यावर सूत लादलेला टेंपो आडवा लागला होता. सर खाली उतरले, दोन्ही हात पसरून उभे राहिले आणि बत्तीस वर्षांत मुलांवर कधी केली नसेल अशी गर्जना टेंपोवाल्यावर केली.

वाचनालयात सुकुमार खुर्चीत होते. पेपर जमिनीवर पडला होता. चष्मा एका कानाला लटकत होता. चेहरा चुन्यासारखा पांढरा. दोन्ही मनगटांवर दोन दोन कडी.

"अगं," ते म्हणाले, "शाळा सुटली?"

"उठू नका. काय होतंय?"

"काही नाही. जरा डुलकी लागली. समिती आली का? आज मी शेतीचं पानसुद्धा वाचलं." त्यांनी कडी लपवायला हात पोटाशी घेतले. "ही आपली... गुडघ्याला."

"मला माहीत आहे ती कशाची आहेत ते."

"मग पोरांना रागावू नकोस. मीच म्हणालो."

रिक्षात सुकुमार बाईंच्या खांद्यावर डोकं ठेवून बसले होते. बाईंच्या मांडीवर पडद्यापासून ओढून आणलेला टॅबलेट होता. हिरवे ठिपके पडत होते. प्रत्येक दोन ठिपक्यांमधली जागा केवढी मोठी असते, हे त्यांना त्या दिवशी कळलं. सरांनी पुढे स्कूटर घातली होती आणि शालीने लोकांना बाजूला सारत ते रस्ता मोकळा करत होते. रुग्णालयाच्या दाराशी ठिपके आणखी एकदा थांबले. बाईंनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला आणि मोठ्याने मोजायला लागल्या. सातला ठोका पडला.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी चारही कड्यांची नोंद पाहिली. "हृदयातली वीज अडते आहे. आजच पेसमेकर बसवावा लागेल. आणखी दोनचार तास गेले असते तर सांगता आलं नसतं." मग त्यांनी विचारलं, "एका माणसाला चार यंत्रं कशासाठी?"

"अभ्यासासाठी," बाई म्हणाल्या.

*

तिसऱ्या दिवशी सुकुमार उशीला टेकून बसले. गळ्याच्या हाडाखाली छोटी पट्टी होती. समितीचा अभिप्राय आला होता, तो उपाध्ये सर स्वतः येऊन वाचून गेले होते: 'प्रस्तुत शाळेतील नाट्यीकरण अत्यंत प्रभावी असून ते जिल्ह्यातील सर्व शाळांत राबवावे.' सरांनी तो वाचला आणि घडी करून खिशात घातला. दाखल करून घेऊ की नको, असं त्यांनी बाईंना विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच.

सर गेल्यावर बाईंनी विचारलं, "हे पहिल्यांदा कधी झालं?"

"पेपर वाचताना ना? गेल्या महिन्यात."

"खरं सांगा."

"भोगीच्या दिवशी. सकाळी. चहा ठेवला होता. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ओट्याखाली बसलो एकदम."

"मी घरीच होते की. मला हाक नाही मारलीत?"

"मारली की. दोनदा."

"मग?"

"तू हं म्हणालीस."

बाईंनी हातातला मोबाइल पालथा घातला.

"तसं काही नाही गं," सुकुमार घाईने म्हणाले. "मी उठलो आपला. चहा घेऊन बाहेर आलो तर तू हसत होतीस. मोबाइल मला दाखवलास. एक कुत्रं छत्री तोंडात धरून चाललं होतं. मी पण हसलो. चांगलं होतं कुत्रं."

*

पुढच्या सोमवारी नववी ब च्या टेबलावर अडतीस कडी पडली होती. म्हाताऱ्यांनी ती सहजासहजी दिली नव्हती, हे काहींच्या चेहऱ्यांवरून कळत होतं. अन्विताने बाई दारात दिसताच विचारलं, "काका?"

"घरी आलेत. पथ्याचं खायला लागतं म्हणून भांडतायत." वर्गाने श्वास सोडला. बाईंनी कड्यांना हात लावला नाही. खडू घेतला. त्यांचं अक्षर चित्रकलेच्या शिक्षिकेचं, वळणदार, पण त्या दिवशी ते सरळ रेषेत राहत नव्हतं.

भोगी. सकाळी सव्वासहा.
मी बघत होते: छत्री घेतलेलं कुत्रं.
हाक मारत होते: माझे यजमान. ते पडले होते.
मी म्हणाले: हं.

त्यांनी खडू खाली ठेवला. मग वळल्या.

"कडं नको," त्या म्हणाल्या. "आठवून लिहायचं. मी गोळा करणार नाही. घरी दाखवायचं नाही. सही नाही."

एकेक वही उघडली. कोणी छताकडे पाहत होतं, कोणी पेनचं टोपण चावत होतं. अन्विताने दोन ओळी लिहिल्या आणि वहीवर हात आडवा धरला.

शेवटच्या बाकावर तन्वीरने मान वर केली. त्याच्या आवाजात या वेळी कंटाळा नव्हता.

"बाई, अशी हाक एकच लिहायची, का सगळ्या?"